डावं-उजवं

१० फेब्रुवारी, मंगळवार

आणि वर म्हणतात सवय होईल! कशाची सवय? हाडांची? ही बसायची जागा नाही, उलटा ठेवलेला चमचा आहे. नऊ किलोमीटर गेले आणि आले. आता जेवले ते उभ्याने, लिहितेय ते फडताळावर वही ठेवून, तेही उभ्याने. नवरा म्हणतो, "अगं, बस की जरा." म्हटलं, तुम्हीच बसा, माझ्याही वाटचं.

हॉस्पिटलातल्या भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई बदली होऊन गेल्या. जाताना सायकल मला दिली. "मावशी, तुमची उंची माझ्याएवढीच. घ्या. नाहीतर गंजेल." मी सहज म्हणून गेले होते की लहानपणी भावाची सायकल नळीखालून पाय घालून चालवायचे. त्याला सदतीस वर्षं झाली! बाईंनी शब्दात पकडलं. आणि सायकल तरी कशी? हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. चाकं बोटाएवढी. घंटी नाही, कॅरियर नाही, स्टँडसुद्धा नाही! चालवायची नसेल तेव्हा काय करायचं? घोड्यासारखी धरून उभं राहायचं?

"किती चालवलीत, काय वाटलं, रोज लिहा," असंही सांगून गेल्या. धुलाईची जुनी वही आहे, एका बाजूने चादरींचे आकडे, दुसरी बाजू कोरी. मी चौथी शिकलेय. चुका असणार. ज्याला चुका दिसतील त्याने वाचलीच कशाला?

काय वाटलं : दुखलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

नाही चालवली. वाकले की आई आठवते.

१५ फेब्रुवारी, रविवार

रविवारी मला दुपारची पाळी. म्हणून पहाटे पाण्याच्या टाकीखाली गेले. तिथे एक टोळकं जमतं, असल्याच सायकलींचं. चौघंच असतात. त्यांचा म्होरक्या कप्तान – सगळे कप्तानच म्हणतात – वीज खात्यातून निवृत्त, चौसष्टचा. उंटावरचा शहाणा, फक्त उंटाच्या जागी सायकल. दुसरा दातांचा डॉक्टर. तिसरी चष्मेवाली, शाळेत गणित शिकवते. चौथा कोण ते कळलं नाही, तो घोरत आला, घोरत गेला.

कप्तानाने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "कुठे काम करता?" हॉस्पिटलात, धुलाईला. "हां हां. मावशी, तुम्ही माझ्या मागे लागा. अगदी चिकटून!"

मी ब्रेकच दाबला! सत्तावीस वर्षं संसार केला, स्वतःच्या नवऱ्याच्या मागे लागले नाही, आणि या परक्या म्हाताऱ्याच्या लागू? चष्मेवाली हसून हसून पडायची बाकी. मग तिने सांगितलं – पुढचा वारा तोडतो, त्याच्या चाकाला लागून गेलं की मागच्याला वारा कमी लागतो, दम वाचतो. मग सरळ तसं सांगावं ना!

लागले मागे. खरंच सोपं जातं. आणि नियम असा की पुढे असेल त्याने ओरडायचं. खड्डा, कुत्रा, गाडी, काय असेल ते, आणि कुठल्या बाजूने घ्यायचं ते. मागच्याने मान वर करायची नाही. डोळे पुढच्याच्या चाकावर, कान त्याच्या तोंडाकडे. कप्तान म्हणाला, "विश्वास! या खेळात विश्वासच सगळं."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, आज एक म्हातारा म्हणाला माझ्या मागे लागा. नवरा लिफ्ट दुरुस्तीला असतो, हातात कुठलासा स्क्रू होता. मान वर न काढता म्हणतो, "लागलीस?"

"लागले. बावीस किलोमीटर."

"बिचारा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी भेटला असता तर मी सुटलो असतो."

१६ फेब्रुवारी, सोमवार

लिहायचं होतं ते काल राहिलं.

आमची धुलाई तिसऱ्या मजल्यावर. एका बाजूला मशिनी, मधे रुळांची इस्त्री, आणि खिडकीपाशी घडीचं टेबल. तिथे मी आणि शिडी. शिडी म्हणजे माझी जोडीदारीण, उंच आहे म्हणून शिडी. एकोणीस वर्षं आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून चादरी घडी करतो. तिच्या पाठीमागे खिडकी, म्हणजे माझ्या तोंडासमोर. त्या खिडकीतून लांब, डोंगरांच्या मधे, एक पांढरी रेघ दिसते. धरणाची भिंत आहे म्हणतात. एकोणीस वर्षं बघतेय. दिवसाला तीनशे चादरी, प्रत्येक चादरीला एकदा तरी ती भिंत. पलीकडे काय आहे ते बघितलेलं नाही. कोण नेणार? नवऱ्याला सुट्टी असते तेव्हा कुणाची तरी लिफ्ट अडकते.

तर काल कप्तान म्हणाला, पंधरा मार्चला धरणापर्यंत राईड. चौतीस जायचे, चौतीस यायचे.

मी म्हटलं, मी येणार.

"बघू, मावशी."

बघू म्हणजे नाही. हा शब्द मला चांगला कळतो, रजेच्या अर्जावर आमचे साहेब हाच लिहितात. पण मी जाणारच आहे. भिंतीमागे काय आहे ते बघायचंय, आणि त्यांच्याबरोबर जाऊन बघायचंय, बरोबरीने. शिडीला सांगून टाकलं, इस्त्रीवालीला सांगितलं, लेकीला फोन केला. आता नाही गेले तर तोंड कुठे लपवू? शिडी म्हणाली, "चादरीत."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

चष्मेवालीने जुने बूट दिले. ते पायंडलात खटकन अडकतात. छान. चालवताना एकदाही पडले नाही. थांबले आणि पडले! चौकात, दिवा लाल, बस थांब्यावर वीसएक माणसं, आणि मी उभ्याउभ्या, सायकलीसकट, झाड तोडल्यासारखी आडवी. पाय सुटेचना. एक बाई म्हणाली, "चक्कर आली का हो?" म्हटलं, हो. त्याहून सोपं उत्तर सुचलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

अडतीस किलोमीटर! आणि भांडण.

चहाला थांबलो होतो. कप्तान सगळ्यांना विचारतो – डॉक्टर, बिस्किट? मॅडम, केळं? मग माझ्याकडे वळून, "मावशी, तेवढी बाटली भरून आणा ना नळावरून."

माझी नाही. त्याची बाटली!

उठले नाही. म्हटलं, तुमचं वय काय? म्हणे चौसष्ट. म्हटलं, माझं अठ्ठेचाळीस. मी तुमची मावशी कशी?

"अहो, आदराने म्हणतो."

"मग मीही आदराने म्हणते. आजोबा, बाटली तुमची तुम्ही भरा."

दातवाल्याच्या नाकातून चहा आला. घोरणाराही जागा झाला. कप्तान नळावर गेला, आणि परत येताना मला हाक मारायची पंचाईत. मावशी नाही, ताई नाही, काही नाही. "अहो" एवढंच.

हॉस्पिटलात मावशी म्हणतात ते ठीक. तिथे सगळ्यांनाच म्हणतात, झाडणारीला, पुसणारीला, जेवण वाढणारीला. तिथे ते माझं काम आहे. पण पहाटे पाच वाजता स्वतःच्या पायांनी स्वतःची सायकल हाणत आलेय मी, ते काय तुमची चादर बदलायला?

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस. पण आता तो पंधरा तारखेला तुला नेतो होय!"

ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. जिभेला हाड नाही माझ्या. डॉक्टरीणबाई असत्या तर तिलाच आधी भूल दिली असती.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

गिअर आहेत! या सायकलीला गिअर आहेत! ब्रेकचीच दांडी आडवी ढकलली की बदलतात! दोन आठवडे मी पुलाचा चढ सगळ्यात जड गिअरवर रेटला, गुडघ्यांना शिव्या दिल्या, वयाला शिव्या दिल्या, देवाला दिल्या. आणि दांडी आडवी ढकलायची होती फक्त! कुणी सांगितलं नाही. चष्मेवाली म्हणाली, "मला वाटलं तुम्ही मुद्दाम करताय. ताकद वाढवायला."

आज सुट्टी होती. पूल सहा वेळा चढले. चौथ्या वेळी गात होते.

१ मार्च, रविवार

पाडले. दोघांना.

आज कप्तान म्हणाला, "चला अहो, आज तुम्ही पुढे. वारा खा." मला वाटलं, राग गेला. पुढे झाले. मागे तो, त्याच्यामागे दातवाला, मग चष्मेवाली. घोरणारा आला नव्हता, नशीब त्याचं. रस्ता मोकळा, उतार, जोरात चाललो होतो. वळणावर रस्त्यातच खडीचा ढीग! मी ओरडले – खडी! खडी! बाजू सांगितली! आणि ढिगाला वळसा घालून बरोबर निघून गेले.

मागे आवाज झाला. घमेलं पालथं केल्यासारखा.

वळून बघते तर कप्तान खडीत, दातवाला कप्तानावर. कप्तानाचं कोपर सोललेलं, आणि चड्डी अशा ठिकाणी फाटली की ते मी लिहीत नाही. दातवाल्याचा पुढचा दात अर्धा तुटला. दातांच्या डॉक्टरचा दात! मला हसू आलं. खरंच आलं, काय करू? त्या हसण्यानेच घात केला.

कप्तान ओरडला, "मुद्दाम केलंत! मावशी म्हटलं त्याचा राग काढलात!"

मी म्हटलं, पाडायचंच असतं तर ओरडले कशाला असते? गप्प गेले असते. आणि मी उजवीकडे घ्या म्हटलं, तुम्ही डावीकडे का गेलात?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चष्मेवाली हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही डावीकडे म्हणालात. दोनदा. मी ऐकलं."

खोटं कशाला बोलेल ती. पण मी उजवीकडेच म्हटलं होतं. मी उजवीकडेच गेले की!

२ मार्च, सोमवार

टोळक्याच्या ग्रुपवर कप्तानाचा निरोप आला. "सर्वांच्या सुरक्षेसाठी मावशींनी तूर्त विश्रांती घ्यावी. धरणाच्या राईडबाबत नंतर कळवण्यात येईल."

विश्रांती! दमलेय कोण? पडले कोण?

आणि मावशी परत आली.

४ मार्च, बुधवार

कळलं!! दोन उद्गारचिन्हं दिली, तीही कमी आहेत.

आज घडीच्या टेबलावर. मोठ्या चादरी, ऑपरेशनच्या खोलीतल्या. शिडी समोर. मी म्हणते, "डावं उचल." शिडी तिचा डावा हात उचलते. आणि त्याच वेळी माझा उजवा वर जातो. दोन्ही टोकं एकाच बाजूला आली, घडी बसली. बरोबर! एकोणीस वर्षं असंच. जी सांगते तिने समोरचीचं डावं सांगायचं, स्वतःचं नाही. नाहीतर चादरीला पीळ पडतो. पहिल्या दिवशी जुन्या बाईने हेच शिकवलं होतं आणि पीळ पडला की चिमटा काढायची.

मी चादर सोडूनच दिली. शिडी म्हणाली, "काय गं, चावलं काय?"

ओरडताना माझ्या मनात समोर माणसं असतात. ज्याच्याशी बोलायचं तो समोरच असतो की नाही? मागे कोणी बोलतं का! मी उजवीकडे जाणार, म्हणजे समोर उभं असेल त्याचं डावं. म्हणून ओरडले डावीकडे! तोंडाने त्यांचं सांगितलं, हाताने माझं केलं. चादर असती तर झकास घडी बसली असती. कप्तानाचीच घडी बसली.

शिडीला सगळं सांगितलं. तिला पटायला दुसरं वाक्य लागलं नाही. म्हणाली, "मीही तेच ओरडले असते." नवऱ्याला सांगितलं तर त्याने दोन्ही हात पुढे धरून तीनदा करून बघितलं, आणि म्हणाला, "मग मला इतकी वर्षं बाजारात डाव्या हाताच्या दुकानात जा म्हणायचीस ते…"

"हो."

"आणि मला वाटायचं दुकान बंद पडलं!"

५ मार्च, गुरुवार

पाळी संपल्यावर कप्तानाच्या घरी गेले. बरोबर एक चादर नेली, दाखवायला.

बायको भली आहे त्याची. "या बसा," म्हणाली, पाणी दिलं. मी तिला म्हटलं, जरा ही टोकं धरा. करून दाखवलं. डावं म्हटलं, तिने तिचं डावं उचललं, मी माझं उजवं. तिला लगेच कळलं. ती हसायला लागली. "अहो, बघा तरी! खरंच!" कप्तान खुर्चीत कोपराला पट्टी बांधून. गाढवापुढे वाचली गीता.

म्हणतो, "ते सगळं ठीक आहे. पण रस्ता म्हणजे चादर नाही."

म्हटलं, कबूल. चूक झाली, माझीच झाली. दातवाल्यापाशी काल जाऊन आले, त्याने माफ केलं, वर माझी दाढ बघितली. तुमचीही माफी मागते. यापुढे मी डावं-उजवं म्हणणारच नाही, सरळ हात दाखवीन. मला धरणाला न्या.

कप्तान बराच वेळ पट्टीशी खेळला. मग एकदम प्रेमळ झाला! तो प्रेमळ झाला तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. "या की. जरूर या. बरोबर सामानाची गाडी असतेच. त्यात बसा. पाणी, केळी, टॉवेल, कुणाला काय लागेल ते बघायला एक मावशी हवीच होती."

त्याच्या बायकोने मान खाली घातली. मी चादर घडी केली. एकटीने, वेळ लागला.

दारात म्हटलं, "मी एका शब्दाला चुकले आणि तुमचं कोपर सोललं. तुम्ही माणसामाणसात डावं-उजवं करता, ते तर चुकून नाही."

चादर काखेत मारली आणि निघाले.

७ मार्च, शनिवार

नवरा दोनदा म्हणाला, "सोड गं." तिसऱ्यांदा म्हणाला नाही. शहाणा आहे.

१० मार्च, मंगळवार

सुट्टी. पहाटे पाचला निघाले. एकटी. नवऱ्याला उठवून सांगितलं. तो म्हणाला, "कुठे?" म्हटलं, धरणाला. अंधारात उठून त्याने चाकांत हवा बघितली, ब्रेक दाबून बघितले, एक पाना माझ्या खिशात टाकला. "अडकलीस तर फोन कर. लिफ्टचं काय, लोक पायऱ्या चढतील."

वारा सगळा मीच तोडला. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. एका गावात कुत्रं लागलं. मी उतरून त्याच्यावर असा आवाज टाकला की गावातली दोन दारं उघडली. वीस किलोमीटरला गुडघा बोलायला लागला. पंचविसाला मी त्याला उत्तर द्यायला लागले.

एकोणतिसाव्याला ओढ्यावरचा पूल. नाही! अर्धा पूल आहे, अर्धा खाली पडलाय. पुढे बांबू आडवे लावलेत, तेही झुडपात, जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. उतार आहे. कप्तानाच्या फोनमधल्या नकाशात हाच रस्ता आहे, त्याने सगळ्यांना पाठवलाय, निळी रेघ काढून. जोरात, मान खाली घालून, चाकाला चाक लावून आलं असतं टोळकं तर… मी बसलेच थोडा वेळ तिथे. हसू नाही आलं.

म्हशी घेऊन एक म्हातारी आली. तिने कालव्याची वाट दाखवली. दोन किलोमीटर माती, मधे तीनदा सायकल खांद्यावर. कुठे वळायचं ते सगळं हातावर पेनाने लिहून आणलं. खूण म्हणून झाडं, विहीर, पडकी खोली. डावं-उजवं एकही नाही.

पावणेदहाला भिंतीवर उभी होते. मागे बघितलं.

चिखल! एवढं थोडं पाणी मधे, बाकी सगळा चिखल, आणि त्यात बगळे. चौकीदार म्हणाला, तीन वर्षं झाली, गाळ भरलाय. एकोणीस वर्षं मी याच्यासाठी मान लांब केली! मोठ्याने हसले. चौकीदार घाबरून चार पावलं मागे गेला. मग भिंतीवर बसून भाकरी खाल्ली, पाय सोडून. उलट्या बाजूने आमचं हॉस्पिटल शोधलं. सापडलं. काडेपेटीएवढं. त्यातल्या तिसऱ्या मजल्यावर शिडी आज कुणाबरोबर घड्या घालत असेल ते असेल.

अडुसष्ट किलोमीटर आणि मातीचे वेगळे. आता झोपते. बसून नाही, आडवी.

११ मार्च, बुधवार

सकाळी पुलाचं दातवाल्याला सांगितलं, चष्मेवालीला सांगितलं. मग दोघांनीही एकच विचारलं – "तुम्ही नेता?" घोरणाऱ्याने फोनवर नुसतं "हं" केलं. पाळीआधी कप्तानाच्या दारात चिठ्ठी टाकली. नक्कल इथे ठेवते, उद्या कुणी म्हणायला नको.

"धरणाच्या वाटेवरचा पूल पडला आहे. मी काल जाऊन आले. दुसरी वाट मला माहीत आहे, तुमच्या नकाशात ती नाही. रविवारी साडेपाचला टाकीखालून तिघांना घेऊन मी निघते आहे. पुढे मी. तुम्हीही यावं असं मला वाटतं, कारण तुम्ही एकटे निळ्या रेघेने जाल अशी मला भीती आहे. येणार की नाही ते शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत सांगा. 'बघू' चालणार नाही."